भाकर मिळाली, प्याला नाही

डॉक्टरांनी कागद वाचला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "स्पुटम पॉझिटिव्ह." मी मान हलवली. त्यांनी वर बघितलं. "समजलं का काही?" म्हटलं, नाही साहेब. मग त्यांनी सावकाश सांगितलं. स्पुटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. पॉझिटिव्ह म्हणजे त्यात जंतू सापडले. कसले, ते त्यांना सांगावं लागलं नाही. टी.बी. हा शब्द मला ठाऊक होता. आमच्या गावी तो घरात मोठ्यानं उच्चारत नसत.

माझं नाव शमुवेल, लोक शामू म्हणतात, चार इयत्ता शिकलेला माणूस. मूळचा नगरकडचा. तिकडं पाऊस पडला नाही तशी घरं पांगली, मी किहीमला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळी म्हणून आलो. बायको रूथ आणि दोन मुलं गावीच राहिली. नारळांना पाणी देणं, झावळ्या गोळा करणं, शेठ येतील तेव्हा खोल्या उघडून ठेवणं, हे माझं काम. हे लिहितो आहे ते माझ्यासारख्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी, ज्यांना हा आजार झाला असेल किंवा होईल. औषधाचं डॉक्टर सांगतील. मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, काय होतं, ते कोणी सांगत नाही.

सुरुवात अगदी साधी होती. दिवस कलला की अंग कोमट व्हायचं. रहाट ओढताना चार बादल्यांत धाप लागायची. खोकला येत होता, पण मी तो खाऱ्या हवेवर ढकलला. आगरवाड्यातली धाकलीबाई मासळी द्यायला यायची, तीच एकदा टोपली उतरवून म्हणाली, "शामूदादा, ह्यो खोकला न्हाय चांगला. तुजा सदरा बग कसा खुंटीवर लटकवल्यावानी दिसतंय." मी हसून तिला म्हटलं, तुझी मासळी शिळी असते म्हणून वाळलो. ती म्हणाली, "मंग ताजी खाऊन मर." पण दुसऱ्या दिवशी तिनंच मला अलिबागच्या गाडीत बसवलं.

छातीचा फोटो काढायला लाँचनं मुंबईला जावं लागलं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला कॅव्हिटी निघाली. कॅव्हिटी म्हणजे पोखरून पडलेलं भोक. फोटोत ते रुपयाएवढं दिसत होतं. अलिबागच्या दवाखान्यात क्षयाच्या रोग्यांसाठी मागच्या अंगाला वेगळी पडवी होती, पण खाट दहा दिवसांनी रिकामी होणार होती. त्या दहा दिवसांत एक रविवार आला.

आमची मंडळी म्हणजे अलिबागेत नोकरीनिमित्त आलेली सात-आठ घरं. कचेरीतले कारकून, एक नर्सबाई, साळवे मास्तर. चर्चची इमारत नाही. भालेराव म्हणून कोर्टात हेडक्लार्क होते, त्यांच्या माडीवर आम्ही जमायचो. पाळकसाहेब महिन्यातून एकदा मुंबईहून यायचे आणि त्या दिवशी प्रभुभोजन व्हायचं. एक भाकर मोडायची, एकच प्याला हातोहात फिरायचा. शेवटी जो द्राक्षारस उरेल तो फेकायचा नाही, कोणीतरी मेजेपाशीच संपवायचा, असा आमच्यात रिवाज. ते काम मला दिलेलं होतं. तीन वर्षं मी सगळ्यांच्या मागून तो प्याला रिकामा केला, धुतला, पुसला, फडक्यात बांधून ठेवला.

हा मला मोठा मान वाटायचा. का, ते सांगतो. माझे आजोबा महारवाड्यात जन्मले. तहान लागली तर ओंजळ पुढं करायची आणि वरून कोणी ओतलं तर प्यायचं. ते बाप्तिस्मा घेऊन पहिल्यांदा मेजेशी बसले, तेव्हा गोऱ्या साहेबानं ज्या कडेला ओठ लावले होते त्याच कडेला ओठ लावून प्यायले. मरेपर्यंत सांगायचे, "बाकीचा धर्म मला पुरता कळला नाही. तेवढं मात्र कळलं."

त्या रविवारी मी खोटं बोललो नाही. माडीवर चढलो आणि पाळकसाहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं की मला क्षय आहे. मला वाटलं होतं प्रार्थना करतील. भालेराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, आता प्याल्याचं काय?"

दोन तास त्यावर वाद झाला. एक जण म्हणाला, आशीर्वादित प्याल्यातून रोग येऊच शकत नाही, असं मानणं हाच अविश्वास. भालेराव म्हणाले, द्राक्षारस द्राक्षारसच राहतो ही आपली शिकवण आहे, तो ख्रिस्ताचं रक्त होतो असं रोमन कॅथलिक लोक म्हणतात, मग जंतू का नाही येणार? कोणी म्हणालं, छोटे छोटे पेले आणू. त्यावर दुसरा म्हणाला, प्रभूनं एकच फिरवला. एक जण हळूच म्हणाला की रोग उगाच येत नाही, शमुवेलनं आपलं अंतःकरण तपासून बघावं. मी मधे बसून सगळं ऐकत होतो आणि खोकत होतो. बोलायला कोणी सांगितलं नाही.

शेवटी पाळकसाहेबांनी निकाल दिला. मला भाकर मिळेल, प्याला नाही. "शमुवेल, मन खट्टू करू नकोस. भाकरीतच ख्रिस्त पूर्ण आहे. प्याला घेतला नाही म्हणून काही उणं राहत नाही."

मी चार इयत्ता शिकलो, पण त्या मिशनच्या शाळेत शिकलो. धर्मशिक्षणाच्या तासाला मास्तर छडी आपटून विचारायचे, रोमन मंडळीची चूक कोणती? आम्ही ओरडायचो, ते लोकांना नुसती भाकर देतात आणि प्याला पाद्री एकटा पितो! प्रभूनं सगळ्यांना प्यायला सांगितलं आहे! हे चुकलं तर हातावर छडी बसायची. मी पाळकसाहेबांना ते विचारलं. म्हटलं, साहेब, मग रोमन लोकांचं काय चुकलं?

"ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

"तू आजारी आहेस. वाद घालू नकोस."

त्या दिवशी उरलेला द्राक्षारस भालेरावांनी संपवला.

पडवीत मी एकूण सोळा महिने काढले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन असायचं, एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. हे औषध जंतू मारतं, पण कानालाही धरतं. महिनाभरानं माझ्या कानात रातकिडे ओरडायला लागले आणि उठलं की भिंत धरावी लागायची. शिवाय पी.ए.एस. नावाची भुकटी, दिवसाला मूठभर. ती पोटात ढवळते, तोंडाला कडवट पाणी सुटतं. आणि आयसोनायझिडच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या. तुम्हाला हे औषध दिलं तर एक गोष्ट ऐका. दोन-तीन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं आणि वाटतं की बरे झालो. तेव्हाच माणसं पळून जातात. डॉक्टर रोज फेरीला येऊन तेच बजावायचे, "अर्धवट सोडलंत तर जंतू शहाणे होतात, मग हे औषध त्यांच्यावर चालत नाही." माझ्या समोरच्या खाटेवरचे दोघे असेच गेले. एक परत आला. दुसऱ्याची खबर आली.

आमचं जेवण येई त्या ताटल्यांच्या कडेला लाल रंगाची खूण होती. पाण्याचा मगसुद्धा ज्याचा त्यालाच. ते मला लागलं नाही. तिथं सगळ्यांच्याच ताटल्या लाल होत्या.

शेजारच्या खाटेवर कोरलईचा पेद्रू होता. होडीवर काम करणारा, रोमन कॅथलिक, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. पाळकसाहेब महिन्यानं भाकर घेऊन आले. रुमालात बांधलेला तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर वरून ठेवला, घाईनं प्रार्थना केली आणि लाँच गाठायची म्हणून गेले. पेद्रू उशीला टेकून सगळं बघत होता.

"झाला?"

"झालं."

"आनि प्यायला?"

"प्यायला नाही. भाकरीतच सगळं आहे म्हणतात."

तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली. "आरं शामू, मंग तू आमच्यातलाच झालास की! आमचा पाद्री आमाला नुसती ओस्तीच देतं. पन तो निदान हसून देतं. तुझा तर पोस्टमनसारखा पळाला." ओस्ती म्हणजे त्यांची प्रसादाची पातळ चकती. मी रागावलो. म्हटलं, तुमच्याकडे चूक आहे म्हणून तसं आहे. तो म्हणाला, "मंग तुमच्याकडं काय हाय म्हनून?"

पुढं पावसाळा लागला, लाँच बंद झाली, चार महिने पाळकसाहेब आले नाहीत. भालेराव गावातच होते. तेही आले नाहीत. श्रावणात पेद्रूला रक्त पडलं. त्याचा पाद्री भिजत आला, बूट हातात घेऊन. त्यानं पेद्रूला आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं, ओस्ती दिली, बराच वेळ हात हातात घेऊन बसला. उठताना माझ्याशी बोलला, गाव विचारलं. मी धीर करून म्हटलं, फादर, मलाही द्या. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "बाबा, देता येत नाही. तू दुसऱ्या मंडळीचा." पेद्रू डोळे मिटून होता. क्षीण आवाजात म्हणाला, "दोनी दुकानं बंद, शामू." दोन दिवसांनी तो गेला.

त्या दिवसांत मी देवाशी नीट बोललो नाही. तोंडानं प्रार्थना चालायची, मन वर जायचं नाही. एवढं लिहिण्याची मला लाज वाटत नाही.

पावसानंतर साळवे मास्तरांची मुलगी सुलू दवाखान्यात आली. तेरा वर्षांची. मानेला गाठी, बारीक ताप. डॉक्टरांनी ग्लँडचा टी.बी. सांगितला. ग्लँड म्हणजे मानेतल्या गाठी, त्यात जंतू शिरतात. मी पडवीच्या कठड्यापाशी उभा होतो. मास्तर मुलीचा हात धरून माझ्यासमोरून गेले आणि माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

सुलूचं तेवढं वय झालं नव्हतं म्हणून तिला अजून मेजेवर, म्हणजे प्रभुभोजनाला, घेतलेलं नव्हतं. तिच्या ओठांना तो प्याला कधीच लागला नव्हता. पण मला गायनाच्या पुस्तकातली जोडाक्षरं पटकन लागत नाहीत. दर रविवारी ती माझ्या शेजारी बसायची, एकच पुस्तक दोघांत धरायचो, ती ओळीवरून बोट फिरवायची आणि मी तिच्या मागून गायचो. चूक झाली की कोपरानं ढोसायची. "काका, 'ख्रि' म्हणा, 'खिर' नाही."

मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यामुळे झालं का? ते गोड बोलणारे गृहस्थ नव्हते. "खात्रीनं सांगता येत नाही. पण संभव आहे." मग त्यांनी आमची जागा कशी आहे ते विचारलं. मी सांगितलं, माडी, पंधरा-वीस माणसं, खिडक्या बंद. खिडक्या का बंद? म्हटलं, साहेब, स्वातंत्र्य आल्यापासून रस्त्यावरची पोरं ओरडतात, गोरे साहेब गेले, तुम्ही का राहिलात म्हणून. त्यामुळे भालेराव गाणं सुरू व्हायच्या आधी खिडक्या लावून घेतात. डॉक्टर पेनाचं टोपण लावत म्हणाले, "हा रोग हवेतून जातो. बंद खोलीत खोकणारा माणूस गातो, तेव्हा जातो. तुमच्या त्या प्याल्याचा धोका त्यापुढे काहीच नाही."

हे मी कितीदा मनात घोळवलं असेल. प्याल्यावर दोन तास वाद झाला, शास्त्र निघालं, रोमन लोक निघाले, माझं अंतःकरण निघालं. आणि ते दोन तास मी त्याच बंद खोलीत, त्या मुलीशेजारी खोकत बसलो होतो. प्याला जपला, पोर जपली नाही. यात मीही आलो. मला वाटत होतं की अन्याय माझ्यावर होतो आहे. सुलूला उठून लांब बस म्हणावं, हे मला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवली. माडीच्या खिडक्या उघडल्या. माझ्याविषयीचा निकाल तसाच राहिला.

सुलू इंजेक्शनं घेऊन बरी झाली. गाठी जिरल्या, एक फुटली होती तिचा व्रण राहिला. माझी थुंकी पुढच्या उन्हाळ्यात तीन वेळा लागोपाठ निगेटिव्ह आली, म्हणजे जंतू सापडले नाहीत. भोक मिटलं, तिथं चुन्यासारखा डाग राहिला. घरी गोळ्या चालू ठेवायच्या होत्या. शेठनी माझी जागा कोणाला दिली नव्हती, हे त्यांचे उपकार. डॉक्टरांनी मंडळीसाठी आपल्या हातानं दाखला लिहिला की या इसमापासून कोणास धोका नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "वाकू नका, चक्कर येईल."

पावसाळा संपून लाँच सुरू झाली, त्या पहिल्या रविवारी मी गेलो. दाखला वाचून दाखवला गेला. पाळकसाहेब म्हणाले, शमुवेल आजपासून मेजेवर पूर्ण सहभागी होतील. भालेरावांनीसुद्धा "आमेन" म्हटलं. मी दीड वर्ष ज्याची वाट बघितली ते इतक्या पटकन झालं की मला हात कुठं ठेवावेत कळेना.

त्याच रविवारी सुलूला मेजेवर घेणार होते. पांढरं पातळ नेसून ती आईबापांच्या मधे बसली होती. भाकर फिरली. तिला मिळाली, मला मिळाली. मग प्याला उचलण्याआधी पाळकसाहेब अगदी मायेनं म्हणाले, "सुलोचनानं तूर्त भाकरच घ्यावी. मंडळीच्या पंचांना तसं वाटतं. भाकरीतच सगळं आहे."

नर्सबाई लगेच म्हणाल्या, "साहेब, गाठींचा टी.बी. उडून लागत नाही हो." भालेराव म्हणाले, "पण तिच्याकडे दाखला आहे का?"

तिच्याकडे दाखला नव्हता. कोणी मागितलाच नव्हता. पोरीनं मान खाली घातली आणि पदर ओढून मानेवरचा व्रण झाकला.

प्याला फिरत माझ्यापर्यंत आला. पाळकसाहेबांनी तो माझ्यापुढे धरला, आणि त्यांच्या डोळ्यांत मला बघून खरंच आनंद होता, ते मी नाकारत नाही. मला आजोबा आठवले. दीड वर्षाची तहान होती. मी हात जोडले आणि म्हटलं, "तिला नाही, तर मला नको, साहेब."

"शमुवेल, तुझा दाखला आहे."

"भाकरीत सगळं आहे ना, साहेब? मग मला पुरलं."

त्यांनी प्याला माझ्यापुढून हलवला. पुढं साळवे मास्तर होते. मास्तरांनी प्याल्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, नको म्हणून. त्यांच्या बायकोनं नाही घेतला, नर्सबाईंनी नाही घेतला, त्यांच्यापुढं कोणीच नाही. माझ्याआधी ज्यांनी घेतला होता ते चौघं खाली बघत बसले. संपवायला भालेरावही उठले नाहीत, उरलेला सगळा पाळकसाहेबांना एकट्यांनी प्यावा लागला, कारण टाकायचा नाही असा रिवाज. संपवायला बराच वेळ लागला.

पुढच्या महिन्यात सुलूला प्याला मिळाला. काही चर्चा झाली नाही, निकाल मागे घेतला असं कोणी म्हटलं नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणी विचारील की मग बरोबर कोण? मला शास्त्री व्हायचं नाही. खाटेवर पडून मी एवढं मात्र ठरवलं आहे. भाकर पुरते. आजाऱ्याला पुरते, प्याला नसेल तिथं पुरते, पेद्रूला ती मरताना पुरली हे मी डोळ्यांनी बघितलं. पण भाकर पुरते हे ज्याला प्याला मिळाला नाही त्यानं म्हणावं. ज्याच्या हातात प्याला आहे त्यानं म्हणू नये. माझ्या मनातली कडू चव गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही. तरी मी मंडळी सोडली नाही, कारण सोडून जायचं तर पेद्रू म्हणाला तसं दुसरं दुकानही बंदच होतं. तुम्हाला असा दिवस आला तर आधी औषध पुरं करा, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना शेजारी बसवू नका. निकाल काय लागायचे ते लागोत.

मी प्याला नको म्हटलं त्या रविवारी जिना उतरून चपला घालत होतो. मागून साळवे मास्तर आले. सुलू आजारी पडल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. छत्री उघडत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "शामराव, गाडी कितीची?"

"अडीचची."

"मग वेळ आहे. जेवून जा."

मी त्यांच्या मागून चालू लागलो. बाईंनी ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं. आम्ही चौघं एका पंगतीला बसलो, आणि माझ्यापुढे जे ताट आलं ते बाकीच्यांसारखंच होतं. सुलूनं मला भात वाढला आणि म्हणाली, "काका, पुरे म्हणू नका हं. अजून पुष्कळ आहे."